टाइप रेटिंगचा बाँड: सहीपासून सुटकेपर्यंत

वैमानिकाच्या ऑफर लेटरमध्ये पगार, बेस (नेमणुकीचा विमानतळ), रोस्टर, रजा असं सगळं असतं आणि शेवटी एक ओळ असते: ‘कंपनीच्या प्रशिक्षण करारावर सही करणे आवश्यक राहील.’ हाच तो बाँड: कंपनी ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, स्वखर्चाने मिळवून देते आणि ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सुटली तर तो खर्च परत मागते. तो करार मात्र सोबत जोडलेला नसतो. बहुतेक वेळा तो ग्राउंड स्कूलच्या पहिल्या दिवशी, युनिफॉर्मचं माप आणि ओळखपत्राचा फॉर्म यांच्याच गठ्ठ्यात समोर येतो. तोवर जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेला असतो, सामान हललेलं असतं आणि शेजारचे सगळे भराभर सह्या करत असतात. तिथे बसून आठ पानं वाचणं कुणालाच जमत नाही.

म्हणून ऑफरला होकार देण्याआधीच कराराचा पूर्ण मसुदा ईमेलवर मागायचा आणि तो हातात येईपर्यंत जुनी नोकरी सोडायची नाही. ‘सगळ्यांना तोच असतो, स्टँडर्ड आहे’ असं उत्तर आलं तर, ‘स्टँडर्ड आहे तर पाठवायला अडचण नसावी’ एवढंच लिहायचं. मसुदा द्यायला चालढकल करणारी कंपनी पुढे हिशेब द्यायलाही चालढकल करते, असा माझा अनुभव आहे.

बाँडबद्दल वैमानिकांत दोन गट पडतात. एकाचं म्हणणं, कंपनी एवढा खर्च करते तर दोन वर्षं थांबायला काय हरकत आहे. दुसरा म्हणतो, विमान कंपनीचं, प्रवासी कंपनीचे, मग प्रशिक्षणाचा बोजा आपल्या डोक्यावर का? दोघंही रकमेवरच वाद घालत बसतात. माझ्या मते रक्कम दुय्यम आहे. बाँड हे कर्ज आहे, आणि ते कर्ज कधी अंगावर येणार हे कोणाच्या हातात आहे, तेवढं आधी पाहायचं. मी नोकरी सोडली तरच पैसे लागणार असतील तर निर्णय माझा आहे. कंपनीने मला काढलं, विमान विकलं, बेस बंद केला तरीही मीच पैसे भरायचे असतील, तर सावकार आणि मालक एकच माणूस झाला. असा कागद कितीही लहान रकमेचा असला तरी वाईटच.

पैसे नक्की कशाचे

‘प्रशिक्षण’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली म्हणजे टाइप रेटिंग: ग्राउंड क्लासेस, सिम्युलेटर, चेक (म्हणजे परीक्षकासमोरची उड्डाण-परीक्षा) आणि गरज असेल तिथे प्रत्यक्ष विमानावर टेकऑफ-लँडिंगची बेस ट्रेनिंग. हे रेटिंग लायसन्सवर चढतं आणि उद्या दुसऱ्या कंपनीत गेलात तरी तुमच्यासोबत येतं. त्यासाठी काही काळ बांधून घेणं मला न्याय्य वाटतं.

दुसरी गोष्ट कंपनीच्या स्वतःच्या नियमांची: इंडक्शन, एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती), आपत्कालीन साधनं, सीआरएम (चालकदलाने मिळून काम करणं), धोकादायक माल, सुरक्षा आणि त्यानंतरची लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रशिक्षक कॅप्टनसोबत नेहमीच्या उड्डाणांवर शिकणं. हे प्रशिक्षण दिल्याशिवाय कंपनीला तुम्हाला ड्यूटीवर लावताच येत नाही. तो तिच्या ऑपरेटर परवान्याचा भाग आहे आणि पुढच्या कंपनीत यातलं बहुतेक सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यामुळे याचा खर्च बाँडमध्ये धरणं म्हणजे कंपनीच्या धंद्याचा खर्च तुमच्या नावावर टाकणं. लाइन ट्रेनिंगमध्ये तर तुम्ही तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन उडत असता, म्हणजे कंपनीची कमाई चालूच असते. त्याचे पैसे उलट वैमानिकाकडून घेण्याच्या पद्धतीला ‘पे टू फ्लाय’ म्हणतात. त्या वाटेला जाऊ नये, असं मी तरी प्रत्येकाला सांगतो.

तिसरी गोष्ट रिकरंट, म्हणजे ठरावीक काळाने होणारी उजळणी आणि चेक. युरोपच्या नियमांत मल्टी-पायलट (दोन वैमानिक लागणाऱ्या) विमानाचं टाइप रेटिंग एक वर्षच वैध असतं आणि ऑपरेटरचा (विमान चालवणाऱ्या कंपनीचा) प्रोफिशियन्सी चेक दर सहा महिन्यांनी होतो. अमेरिकेत रेटिंगला मुदत नाही, पण अशा विमानावर कमांडर म्हणून उडायचं तर साधारणपणे दर बारा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक लागतो. यात तुम्हाला नवी पात्रता मिळत नाही, असलेली फक्त टिकते. करारात ‘आरंभीचे, रिकरंट व अन्य कोणतेही प्रशिक्षण’ असे शब्द दिसले तर तिथेच थांबा. दर रिकरंटला नवा बारा महिन्यांचा बाँड लागणार असेल तर हा करार कधीच संपणार नाही, कारण पुढचं रिकरंटही बारा महिन्यांच्या आत येतंच. छोट्या चार्टर आणि कॉर्पोरेट ऑपरेटरांत हे कलम बरंच दिसतं. तिथे विमान विमा कंपन्याही सिम्युलेटरवरचं आरंभीचं आणि वार्षिक प्रशिक्षण सहसा मागतातच. म्हणजे तो खर्च ऑपरेटरला तुमच्याऐवजी दुसरं कोणी असतं तरी करावाच लागला असता.

ज्याला टाइप रेटिंगच लागत नाही अशा विमानासाठीही बाँड मागितला जातो, हे नव्या लोकांना माहीत नसतं. अमेरिकेत १२,५०० पौंडांहून जास्त टेकऑफ वजनाच्या विमानांना आणि सगळ्या टर्बोजेटना टाइप रेटिंग लागतं. किंग एअर २०० हे दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप विमान बरोबर १२,५०० पौंडांवर थांबतं, म्हणून त्याला लागत नाही. किंग एअर ३५० पंधरा हजारांचं आहे, त्याला लागतं. एका इंजिनाच्या पीसी-१२ ला तिथे लागत नाही. अशा विमानाचा कोर्स केल्यावर हातात एक प्रमाणपत्र येतं, लायसन्सवर काहीच चढत नाही. बाजारात त्याला किंमत आहे, पण जेट रेटिंगएवढी नाही, आणि बाँडचा काळ त्याच हिशेबात हवा. पीसी-१२ च्या उजव्या (सहवैमानिकाच्या) सीटसाठी दोन वर्षं मागणाऱ्याला ‘एवढी का?’ असं विचारण्यात काही गैर नाही.

रक्कम आणि तिचा हिशेब

करारात रक्कम आकड्यात लिहिलेली असते किंवा ‘कंपनीने केलेला सर्व खर्च’ असं मोघम तरी लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार स्वीकारू नये, त्याला तळच नसतो. आकडा हवाच. शिवाय ‘प्रत्यक्ष खर्च किंवा हा आकडा, यांपैकी जे कमी असेल ते’ अशी रचना हवी. कारण करारातला आकडा पुष्कळदा प्रशिक्षण केंद्राच्या छापील दराने धरलेला असतो. ऑपरेटर मात्र वर्षभराच्या करारावर किंवा घाऊक भावाने जागा घेत असतो, किंवा स्वतःचंच सिम्युलेटर वापरत असतो. केंद्राच्या बिलाची प्रत मिळण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. सही करताना बिल तयार नसतं, पण सोडून जाताना त्याचीच गरज पडते.

आकड्यात काय काय धरलंय तेही विचारावं. कोर्स फी आणि परीक्षकाची फी समजू शकते. हॉटेल, भत्ता, विमानतिकिटं यांवर बोलता येतं. प्रशिक्षणकाळातला पगार मात्र कधीच नाही. तो केलेल्या कामाचा मोबदला आहे. सिम्युलेटरचं सत्र साधारण चार तासांचं आणि दोघांचं असतं. त्यामुळे दोन नवे वैमानिक एकत्र शिकत असतील तर सत्राचा खर्च दोघांत वाटला जायला हवा. दोघांच्याही बाँडमध्ये पूर्ण सत्र लावलेलं असेल तर कंपनी एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागते आहे.

आता रक्कम उतरण्याचा प्रश्न, आणि हा मूळ रकमेपेक्षा मोठा आहे. समजा बाँड २४ महिन्यांचा आहे आणि तुम्ही १८ महिने पूर्ण करून निघालात. दर महिन्याला समान हप्त्याने रक्कम उतरत असेल तर २५ टक्के देणं उरतं. वर्षाच्या टप्प्याने उतरत असेल तर ५० टक्के, कारण दुसरं वर्ष पूर्ण झालेलं नाही. ‘२४ महिने पूर्ण न केल्यास संपूर्ण रक्कम’ असं असेल तर १०० टक्के. आकडा तोच, काळ तोच, आणि एका वाक्याने देणं चौपट झालं. मासिक उतार नसलेल्या कागदावर सही करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक कंपन्या ही दुरुस्ती मागितली की देतातही. न मागणाऱ्याला कोण देणार?

घड्याळ कधी सुरू होतं

बाँडचा काळ सहीपासून, कोर्सच्या पहिल्या दिवसापासून, चेक पास झाल्यापासून की लाइन रिलीजपासून, म्हणजे लाइन ट्रेनिंग संपून नियमित ड्यूटीवर सोडल्यापासून? मोठ्या जेटचा कोर्स दीड-दोन महिन्यांचा असतो. त्यानंतर लायसन्सवर नोंद, मग प्रशिक्षक कॅप्टन मोकळा होईपर्यंत वाट, मग लाइन ट्रेनिंगचे सेक्टर (उड्डाणाच्या फेऱ्या). कंपनीकडे विमानं उशिरा आली किंवा प्रशिक्षक कमी असले की ही वाट महिनोन्‌महिने लांबते. घड्याळ रिलीजपासून सुरू होणार असेल तर तो सगळा काळ तुमच्या खात्यात शून्य. दोन वर्षांचा म्हणून सही केलेला बाँड तीन वर्षांकडे सरकतो, आणि मधल्या काळात पगारही मूळ दराचाच असतो. सर्वांत चांगली तारीख कोर्स सुरू होण्याची. चेक पास झाल्याची तारीखही चालेल. रिलीजवर कंपनी अडूनच बसली तर ‘रिलीज किंवा चेकनंतरचे ६० दिवस, यांपैकी जे आधी असेल ते’ अशी ओळ मागावी.

घड्याळ थांबतं कधी, तेही वाचा. बिनपगारी रजा, आजारपण, प्रसूती, मेडिकल (उड्डाणासाठीचं आरोग्य प्रमाणपत्र) तात्पुरतं गेलेलं असणं, कामाअभावी घरी बसवणं, या काळात बाँड गोठेल असं कलम असतं. स्वतःहून घेतलेल्या लांब रजेत थांबलं तर मी मान्य करेन. कंपनीनेच घरी बसवलं असेल तर नाही.

आणखी एक अडचण दुसऱ्या बाँडची. पहिला २४ महिन्यांचा, अठराव्या महिन्यात दुसऱ्या विमानावर पाठवलं आणि पुन्हा २४ महिन्यांचा लागला. दोन्ही समांतर चालले तर एकूण ४२ महिने, एकामागून एक लागले तर ४८. कॅप्टन म्हणून बढती मिळते तेव्हाही असा कागद पुढे येतो आणि आनंदाच्या भरात तो कोणी वाचत नाही. ‘एका वेळी एकच बाँड, नवा लागला की जुना संपला’ हे मागून पाहा. तेवढं मिळालं नाही तरी ‘समांतर’ हा शब्द तरी लिहून घ्या.

कर्ज अंगावर येतं ती कलमं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. नोकरी संपण्याच्या जेवढ्या तऱ्हा सुचतील तेवढ्या कागदावर लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ‘पैसे कोण देणार’ हे करारातून शोधून मांडायचं. ज्या तऱ्हेचं उत्तर करारात सापडत नाही तिथेच पुढे भांडण होतं.

स्वतः राजीनामा दिला तर तुम्ही देणार, यात वाद नाही. गंभीर गैरवर्तनासाठी काढलं तरी तुम्ही देणार. पण ‘गैरवर्तन’ म्हणजे काय त्याची व्याख्या हवी. ‘कंपनीच्या मते’ किंवा ‘कंपनीच्या संपूर्ण विवेकाधिकारात’ असे शब्द असतील तर ती व्याख्या नव्हेच. दारू किंवा अमली पदार्थांची चाचणी, लायसन्स रद्द होणं, खोटी कागदपत्रं, जाणूनबुजून केलेला नियमभंग अशी यादी असावी. ‘कामगिरी असमाधानकारक’ हे त्या यादीत नको.

कारण न देता काढलं, कर्मचारीकपात झाली, कंपनी बंद पडली, ऑपरेटर परवाना निलंबित झाला, विमान विकलं, यांत देणं शून्य असायला हवं. कॉर्पोरेट उड्डाणात विमान विकलं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. मालकाचा धंदा बसला किंवा त्याला मोठं विमान हवं झालं की जुनं विमान जातं, आणि त्यासोबत वैमानिकही जातो. त्या दिवशी बाँड शिल्लक असेल तर तो आपोआप रद्द होईल, ही ओळ लिहून नसेल तर पुढे वकील पत्र पाठवायला मोकळा असतो.

मेडिकल कायमचं गेलं किंवा मृत्यू झाला, तर शून्य. मृत्यूचं कलम वाचायला नकोसं वाटतं, पण ते नसेल तर देणं वारसांच्या वाट्याला येऊ शकतं, आणि जामीनदार असेल तर त्याच्या दारात.

चेक नापास झाला तर? हा प्रश्न मुलाखतीत कोणी विचारत नाही, कारण विचारणारा कच्चा वाटेल अशी भीती असते. पण नापास होऊन बाहेर पडणारा माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असतो. रेटिंग नाही, नोकरी नाही आणि रक्कम पूर्ण. किमान किती जादा सत्रं मिळतील, पुन्हा चेक देण्याची संधी किती वेळा, प्रशिक्षक बदलून मागता येतो का आणि तरीही जमलं नाही तर देणं किती, हे लिहिलेलं हवं. माझ्या मते निवड कंपनीने केली आहे, तेव्हा हा धोकाही तिचाच. प्रामाणिक प्रयत्न करून नापास झालेल्याकडून काहीही न घेणाऱ्या कंपन्या आहेत, निम्मं घेणाऱ्याही आहेत.

यानंतर उरतो तो सगळ्यात अवघड भाग: कंपनीच तुम्हाला सोडायला भाग पाडते. पगार तीन-तीन महिने थकतो, कपात होते, बेस दुसऱ्या देशात हलतो, ठरलेलं रोस्टर बदलतं, किंवा बिघाड नोंदवू नकोस असा दबाव येतो. कागदावर मात्र तो ‘स्वेच्छा राजीनामा’ ठरतो. म्हणून एक परिच्छेद जोडून मागावा. शब्द साधारण असे: ‘पगार देय तारखेनंतर ३० दिवसांहून अधिक थकल्यास, मूळ पगार किंवा कामाच्या दिवसांत वैमानिकाच्या संमतीशिवाय प्रतिकूल बदल केल्यास, बेस बदलल्यास किंवा लागू हवाई नियमांचे उल्लंघन करण्यास सांगितल्यास वैमानिकाने दिलेला राजीनामा हा कंपनीने केलेली सेवासमाप्ती मानला जाईल व कोणतीही परतफेड देय राहणार नाही.’ एचआर यातलं बेसचं वाक्य खोडेल, कदाचित पगारकपातीचंही. नियमभंगाचं वाक्य खोडायला मात्र त्यांना जड जातं, कारण ते का खोडलं हे लेखी सांगावं लागेल. या वाक्याचा खरा उपयोग कोर्टात नाही, उड्डाणाआधी आहे. मोठं देणं डोक्यावर असलेल्या सहवैमानिकाला ‘हे विमान मी नेणार नाही’ म्हणताना जीभ जड होते. बाँडवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

कागदाचं रूप

वरचं सगळं नीट असूनही घात होतो तो सोबतच्या कागदांनी. करार एक असतो आणि त्याखाली वेगळी वचनचिठ्ठी असते: ‘मागणी करताच अमुक रक्कम देईन.’ वचनचिठ्ठीत मासिक उताराचा किंवा अपवादांचा उल्लेख नसतो, आणि वसुलीसाठी ती एकटीच वापरली जाऊ शकते. ‘ही चिठ्ठी अमुक तारखेच्या प्रशिक्षण कराराच्या अटींच्या अधीन आहे’ हे वाक्य चिठ्ठीवरच हवं. काही ठिकाणी तारीख न टाकलेले सही केलेले धनादेश मागतात, काही ठिकाणी बँक हमी, काही ठिकाणी मूळ शैक्षणिक कागद किंवा लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही). कोरे धनादेश आणि मूळ कागद देऊ नयेत, एवढं साधं ठेवावं. आईवडिलांना जामीनदार म्हणून सही करायला सांगितलं तर ती मागणीच नाकारावी. काम तुमचं, पगार तुमचा, त्यात त्यांचं घर कशाला अडकवायचं?

बँकेचं कर्ज वैमानिकाच्या नावावर आणि हप्ते कंपनी भरणार, हाही एक प्रकार आहे. दिसायला तो सगळ्यांत सभ्य. पण कंपनी बुडाली तर बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार आणि पत तुमचीच बिघडणार. याउलट पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून शेवटी परत करणाऱ्या योजनेत तुमचे पैसे कंपनीकडे बिनतारण पडून असतात. दिवाळखोरीत ते परत मिळण्याची रांग फार लांब असते.

व्याज, वकिलाचा खर्च, लवाद कुठे बसणार आणि कोणत्या देशाचा कायदा लागू, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. परदेशी एजन्सीमार्फत कंत्राटी नोकरी असेल तर मी आधी तेच पान उघडतो. एजन्सी एका देशात, ऑपरेटर दुसऱ्यात आणि लवाद तिसऱ्यात असेल तर न्याय्य कलमसुद्धा मिळवायला परवडत नाही. कराचाही प्रश्न आहे. कर्ज म्हणून दिलेली रक्कम दरवर्षी माफ होत गेली, तर अमेरिकेत ती माफी सहसा उत्पन्नात धरली जाते. कर-सल्लागाराला हे सही करण्याआधी विचारायचं असतं.

‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’

क्रू रूममधलं हे आवडतं वाक्य निम्मंच खरं आहे. भारतात करार कायद्याचं कलम २७ धंदा-व्यवसायावरच्या बंधनाला विरोध करतं, त्यावरून लोक निष्कर्ष काढतात की बाँडच बेकायदा आहेत. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षं किमान सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. नोकरीच्या काळापुरती अट आणि नोकरी संपल्यावरचं बंधन यांत कोर्ट फरक करतं. दुसरीकडे कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, मिळणार ती वाजवी भरपाई. म्हणून खर्चाचं बिल आणि तुम्ही केलेली सेवा, दोन्हींना वजन आहे. नोटिशीचा काळही वेगळा मोजा. भारतीय नियामकाने २०१७ मध्ये तो कमांडरसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने केला. नोटिशीचे महिने बाँडच्या महिन्यांत धरले जातात का, हे करारात स्पष्ट हवं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कॅव्हेंडिश प्रकरणात करारातल्या दंडाच्या कलमांसाठी कसोटी घालून दिली: कलमामागे कंपनीचं रास्त हित आहे का, आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवाच्या सवा आहे का. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करणं हे रास्त हित म्हणून मांडता येतं, त्यामुळे मासिक उताराचा साधा बाँड तिथे टिकण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत राज्यागणिक चित्र बदलतं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या करारांत ‘थांबा नाहीतर भरा’ प्रकारच्या अटींना काही अपवाद ठेवून मनाई केली आहे. ‘टिकत नाही’ हे ऐकून सही करणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की टिकत नाही हे सिद्ध करायला आधी नोटीस, मग वकील, मग तारखा. कंपनीकडे वकील पगारावर असतो.

बोलणी आणि नंतर

मागण्या चारपाचच असाव्यात, एका ईमेलमध्ये, प्रत्येकीपुढे पर्यायी वाक्य तयार करून. ‘हे अन्यायकारक आहे’ असं लिहिलं की एचआर तो मेल विधी विभागाकडे ढकलतं. ‘कलम ४.२ मध्ये पुढील बदल सुचवतो’ असं लिहिलं की उत्तर येतं. माझा क्रम ठरलेला आहे: कारणाशिवाय काढल्यास देणं नाही, मासिक उतार, घड्याळाची सुरुवात, रिकरंट वगळणं, वचनचिठ्ठी कराराच्या अधीन. रक्कम कमी करून मागण्यात वेळ घालवू नये, ती क्वचितच हलते. मोठ्या एअरलाइन्स नव्या सहवैमानिकासाठी कागद सहसा बदलत नाहीत. तिथे प्रश्न एवढाच उरतो की आहे तसा घ्यायचा की नाही. पन्नास विमानांच्या कंपनीत वाव असतो आणि पाच विमानांच्या ऑपरेटरकडे सगळ्यात जास्त, कारण तिथे सही करणारा माणूसच मालक असतो. चीफ पायलटने तोंडी दिलेली ग्वाही कितीही मनापासून असली तरी मोजू नये. तो बदलून गेला की ग्वाहीही जाते.

पर्याय सुचवायचा असेल तर मुदतीअंती मिळणारा बोनस सुचवावा: २४ महिने राहिलो तर अमुक रक्कम. कंपनीचा हेतू साधतो आणि वैमानिकाच्या डोक्यावर देणं राहत नाही. स्वखर्चाने रेटिंग करून मोकळं राहणं हाही मार्ग आहे, पण उड्डाणाच्या तासांशिवाय नुसत्या रेटिंगला बाजारात फार भाव नाही. युरोपात तर ते वर्षभरात वापरात आलं नाही, तर पुन्हा चेकचा खर्च.

सही झालीच तर प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या असलेली प्रत त्याच दिवशी घ्यावी. कोर्सची सुरुवात, चेक, लायसन्सवरची नोंद, रिलीज या चारही तारखांचे पुरावे स्वतःकडे ठेवावेत, कंपनीच्या ईमेलवर नव्हे. राजीनाम्याच्या दिवशी ते खातं बंद होतं. उताराचा तक्ता स्वतः करून वर्षातून एकदा एचआरला पाठवावा: ‘माझ्या हिशेबाने आजची शिल्लक एवढी, फरक असल्यास कळवा.’ उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी पाठवल्याची नोंद राहते.

सोडायचं ठरलं की राजीनाम्याआधी शिल्लक रकमेचं लेखी विवरण मागावं. त्याने शंका येणारच, पण राजीनाम्यानंतर तोच आकडा फुगलेला येतो. शेवटचा दिवस महिन्याच्या कोणत्या तारखेला पडतो ते पाहावं. मासिक उतार पूर्ण महिन्यांवर असेल तर चार दिवसांनी एक पूर्ण हप्ता वाचतो. अंतिम पगारातून परस्पर कपात करण्याला करारात संमती दिली आहे का, तेही आधी वाचावं. अशा कपातीवर काही देशांत मर्यादा आहेत. नवी कंपनी बाँड भरायला तयार असेल तर ती रक्कम तुमच्यासाठी करपात्र ठरेल का, आणि तिच्यावर नवा बाँड लागणार का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये. नाहीतर जुनं देणं फक्त नव्या मालकाकडे जातं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

पैसे भरायचे तर बँकेमार्फत, उल्लेखात कराराची तारीख लिहून. मुदत पूर्ण करून बाहेर पडलात तरी कागद आपोआप परत येत नाहीत. वचनचिठ्ठी रद्दचा शेरा मारून मागावी, बँक हमी सोडल्याचं पत्र बँकेकडूनच घ्यावं आणि प्रशिक्षण करारापोटी काहीही येणं नाही असा कंपनीच्या शिक्क्याचा दाखला घ्यावा. प्रशिक्षणाच्या आणि चेकच्या नोंदींच्या प्रतीही त्याच भेटीत मागाव्यात. पुढचा ऑपरेटर त्या मागतोच, आणि सहा महिन्यांनी जुन्या ट्रेनिंग विभागात फोन उचलणारा माणूस बदललेला असतो.